लिंकनचं कोरीव चित्र ‘अस्सल’ आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. न्यू जर्सीत एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे तुम्हाला काचेच्या चौकटीतलं अब्राहम लिंकनचं चित्र मिळालं. खाली बारीक अक्षरांत चॅपेल हे नाव, ‘जॉन्सन, फ्राय अँड कंपनी, न्यूयॉर्क’ आणि ‘अ‍ॅक्ट ऑफ काँग्रेस’चा उल्लेख असलेली, छपाईच्या हक्काच्या नोंदीची एक ओळ आहे. कागदावर तपकिरी ठिपके पडलेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे अस्सल आहे की नक्कल, चेहरा लिंकनचा असूनही अंग दुसऱ्या कुणाचं का वाटतं, आणि ठिपके घालवून घ्यावेत का.

मी मुंबईत मुद्राचित्रण, म्हणजे प्लेट कोरून चित्रं छापण्याची कला, शिकलो आणि गेली अठ्ठावीस वर्षं जुन्या छापील चित्रांची डागडुजी करतो. चित्र हातात घेतल्याशिवाय मी काहीही ठामपणे सांगणार नाही. फोटोत कागदाची जाडी कळत नाही आणि शाईचा उठावही दिसत नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून बरंच काही सांगता येतं.

आधी ‘अस्सल’ या शब्दाचा गुंता सोडवू. रंगवलेल्या चित्राचं मूळ एकच असतं, बाकी सगळ्या नकला. कोरीव चित्राला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचं मूळ म्हणजे धातूची प्लेट, आणि ती कुणाच्या भिंतीवर लावण्यासाठी केलेलीच नव्हती. तिच्यावरून निघालेली प्रत्येक छाप अस्सल. हजारावी छाप पहिलीपेक्षा फिकी असेल, पण ती खोटी नसते. म्हणून माझ्याकडे कुणी असं चित्र आणलं की मी वेगळे प्रश्न विचारतो. ही छाप खरोखर कोरलेल्या प्लेटवरून निघाली आहे, की कोरीव चित्राचा फोटो काढून नंतर छापली आहे? प्लेटवरून असेल तर प्लेटच्या आयुष्यात कधी निघाली? आणि ती कुणाला विकायला काढली होती? तिसरा प्रश्न लोक सोडून देतात, मला मात्र तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

प्लेट कशी तयार व्हायची हे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ब्युरिन नावाचं चौकोनी दांड्याचं, तिरक्या टोकाचं हत्यार तळहातात धरून पुढे ढकलायचं. वळणदार रेघ हवी असेल तर हात वळवायचा नाही, वाळूच्या चामडी उशीवर ठेवलेली प्लेट फिरवायची. जोर वाढवला की रेघ फुगते, कमी केला की निमुळती होत संपते. मग खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्लेट रुळाखालून प्रचंड दाबाने काढायची. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. म्हणून अशा छापेतली रेघ कागदावर किंचित उभी राहते.

तांब्याच्या प्लेटवरून काही शे छापा नीट निघतात, पुढे बारीक रेघा झिजायला लागतात. जेकब पर्किन्स या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलाद मऊ करून कोरायची आणि मग पुन्हा कडक करायची रीत धंद्यात रुळवली. ती नोटा छापण्यासाठी होती. 1840 चं इंग्लंडचं पहिलं डाक तिकीट, पेनी ब्लॅक, त्याच्याच नावाच्या कंपनीने छापलं. पोलादावर रेघा अगदी बारीक आणि जवळजवळ कोरता येतात आणि छापा हजारोंनी निघतात. तुमच्या चित्रासारखी घरोघरी पोचलेली व्यक्तिचित्रं त्यामुळेच शक्य झाली.

आता चेहरा आणि अंग वेगळं का वाटतं ते सांगतो. अमेरिकेतल्या कोरीवकामाच्या कारखान्यांत एक प्लेट एकाच हाताने पूर्ण होईलच असं नव्हतं. मागची पार्श्वभूमी रेघा ओढायच्या यंत्राने व्हायची. कोट, खुर्ची, पडदा हे बरंचसं आम्लाने खाऊन घ्यायचं आणि वर ब्युरिन फिरवायचा, आणि हे काम अनेकदा मदतनीस करायचे. चेहरा मात्र मुख्य कारागीर स्वतः करायचा, तोही पुष्कळदा टिंबांनी. पूर्वी भांड्याच्या दुकानात तांब्याच्या कळशीवर नाव घालून द्यायचे, ती टिंबटिंबांची अक्षरं आठवा. तीच कल्पना इथे गालावर, कपाळावर असते, फक्त शंभरपट बारीक. कोट रेघांचा आणि गाल टिंबांचा असला की डोळ्याला जोड जाणवतो. त्यामुळे तुमचा डोळा चुकलेला नाही.

दुसरं कारण अलोंझो चॅपेल. न्यूयॉर्कचा हा चित्रकार जॉन्सन, फ्राय या प्रकाशकांसाठी नामवंतांची चित्रं काढायचा आणि ती पोलादावर कोरून चरित्रग्रंथांत घातली जायची. असे ग्रंथ वर्गणीदारांना भागाभागाने विकले जात. चॅपेलसमोर ती माणसं बसलेली नसायची. चेहरा छायाचित्रावरून घ्यायचा आणि उभं राहणं, बसणं, हात, कपडे हे आपण रचायचं, अशी ती पद्धत. यात फसवणूक नव्हती. त्या काळच्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक होतं आणि हवंही होतं, कारण छायाचित्रात त्याला माणूस दिसायचा आणि अशा रचलेल्या चित्रात राष्ट्राध्यक्ष दिसायचा.

छायाचित्र होतं तर तेच का छापलं नाही, असं तुम्ही विचाराल. त्या काळी छायाचित्र मजकुराच्या शिशाच्या खिळ्यांबरोबर छापता येत नव्हतं. छायाचित्राच्या प्रती एकेक करून काढाव्या लागत. ठिपक्यांच्या जाळीतून फोटो थेट छापण्याचा गाजलेला सुरुवातीचा प्रयोग न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने 4 मार्च 1880 रोजी केला, म्हणजे लिंकन गेल्यावर पंधरा वर्षांनी. तोवर छायाचित्र आणि वाचक यांच्यामध्ये कोरणारा माणूस होताच. 27 फेब्रुवारी 1860 रोजी लिंकन न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये भाषणाला आले, त्याच दिवशी मॅथ्यू ब्रेडीने त्यांचा फोटो काढला. मान फार लांब दिसते म्हणून आपण कॉलर वर ओढायला लावली, असं ब्रेडीनेच पुढे सांगितलं. त्या फोटोवरून विन्स्लो होमर या चोवीस वर्षांच्या तरुणाने चित्र केलं आणि ते लाकडी ठोकळ्यावर कोरून ‘हार्पर्स वीकली’च्या 10 नोव्हेंबर 1860 च्या मुखपृष्ठावर छापलं गेलं. निवडणूक नुकतीच 6 तारखेला झाली होती. असंख्य अमेरिकनांनी आपला नवा अध्यक्ष पहिल्यांदा पाहिला तो कुणीतरी कोरलेल्या रूपात.

आणि त्या अध्यक्षाला तेव्हा दाढी नव्हती! या धंद्यातला माझा सगळ्यांत आवडता किस्सा इथलाच आहे, त्यामुळे जरा थांबतो. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने 15 ऑक्टोबर 1860 रोजी लिंकनना पत्र लिहिलं: तुमचा चेहरा फार बारीक आहे, कल्ले वाढवलेत तर चांगले दिसाल. चारच दिवसांनी लिंकनचं उत्तर गेलं. आता या वयात दाढी ठेवली तर लोकांना तो पोरकटपणा वाटणार नाही का, असं त्यांनी विचारलं होतं. नोव्हेंबर संपेपर्यंत दाढी दिसायला लागली आणि चित्रं विकणाऱ्यांची धांदल उडाली. गुळगुळीत हनुवटीच्या प्लेटा तयार होत्या, त्यावर पैसे खर्च झाले होते, आणि माणूसच बदलला होता.

फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल सार्टेनचं उदाहरण घ्या. जॉन हेन्री ब्राउन या चित्रकाराने ऑगस्ट 1860 मध्ये स्प्रिंगफील्डला जाऊन लिंकनचं हस्तिदंतावरचं लहानसं चित्र काढलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका समर्थकाने ते मुद्दाम करवून घेतलं होतं, कारण उमेदवार कुरूप आहे अशी चर्चा होती आणि देखणं चित्र हवं होतं. सार्टेनने ते प्लेटवर उतरवलं. पुढे त्याच प्लेटवर त्याने दाढी कोरली. इतर कारागिरांनीही तेच केलं, आणि त्यातल्या कित्येकांनी लिंकनची दाढी पाहिलेलीच नव्हती. म्हणून 1861 च्या सुमाराच्या छापांत लिंकनच्या तऱ्हतऱ्हेच्या दाढ्या दिसतात.

प्लेटवर काम करणाऱ्याला यात एक गोष्ट लगेच कळते. दाढी लावणं सोपं आहे, कारण ते काळं वाढवणं आहे. आहे त्या गालावर आणखी रेघा कोरायच्या. दाढी काढणं मात्र महाकठीण. पोलाद खरवडायचं, घासून गुळगुळीत करायचं, खड्डा पडला तर मागून हातोडीने ठोकून वर आणायचा आणि मग नव्याने कोरायचं. लिंकनने दाढी ठेवायच्या ऐवजी काढली असती तर कितीतरी प्लेटा भंगारात गेल्या असत्या.

तरी काहींनी अख्खं डोकं बदललं आहे, आणि ‘अंग दुसऱ्याचं’ ही तुमची शंका वाचून मला आधी तेच आठवलं. अलेक्झांडर रिची या कारागिराने 1852 मध्ये जॉन कॅल्हून यांची पूर्णाकृती प्लेट कोरली होती. कॅल्हून म्हणजे साउथ कॅरोलायनाचे नेते, गुलामगिरीचे कडवे समर्थक, 1850 साली वारलेले. पुढे न्यूयॉर्कच्या विल्यम पेटने जे लिंकनचं चित्र विकलं त्यात अंग, झगा, टेबल सगळं कॅल्हूनचं आहे. टेबलावरच्या कागदांवर आधी ‘काटेकोर राज्यघटना’, ‘मुक्त व्यापार’ आणि ‘राज्यांचं सार्वभौमत्व’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यांच्या जागी ‘राज्यघटना’, ‘संघराज्य’ आणि ‘मुक्तीची घोषणा’ आले. गुलामगिरीची तरफदारी करणाऱ्याच्या धडावर गुलामांना मुक्त करणाऱ्याचं डोकं बसलं, आणि ते चित्र लोकांनी श्रद्धेने घरात लावलं. चेहरा अँथनी बर्गरने 9 फेब्रुवारी 1864 रोजी काढलेल्या फोटोवरून, पण उलटा घेतलेला. लिंकनच्या उजव्या गालावर मस होता, या चित्रात तो दुसऱ्या गालावर गेला आहे. एवढ्या एका खुणेवरून हा प्रकार उघडकीस आला.

ही चूक का होते तेही सांगतो. प्लेट आणि छाप आरशातल्यासारख्या उलट असतात. समोरचं चित्र जसंच्या तसं कोरलं की छाप उलटी निघते. काळजी घेणारा कारागीर आरसा लावून कोरतो, घाईतला सोडून देतो. आणि 15 एप्रिल 1865 नंतरच्या आठवड्यांत प्रत्येकजण घाईत होता. लिंकनना आदल्या रात्री गोळी लागली, सकाळी ते गेले, आणि प्रत्येक घराला त्यांचं चित्र हवं होतं.

तुमचं चित्र कॅल्हूनच्या अंगाचं नाही. प्रकाशक वेगळा आहे आणि चॅपेलचं नाव आहे. तरी मस तपासा. बर्गरच्या त्याच बैठकीतल्या फोटोवर आधारलेलं चित्र तुमच्या खिशातल्या पाच डॉलरच्या नोटेवर आहे, ते शेजारी धरा. नोटही कोरलेल्या प्लेटवरूनच छापली जाते, त्यामुळे रेघ कशी फुगते आणि टिंबं कशी मांडतात हे शिकायला याहून स्वस्त पाठ्यपुस्तक मिळणार नाही. मी नवशिक्यांना भिंग देऊन आधी नोटाच पाहायला बसवतो.

मग तेच दहापट मोठं दाखवणारं भिंग चित्रावर ठेवा. सोनार वापरतो तसलं चालेल. रेघांची टोकं निमुळती, काळा रंग घट्ट, आणि विजेरी अगदी आडवी धरली तर शाईला उठाव दिसतो, असं असेल तर छाप प्लेटवरून निघालेली आहे. सगळीकडे सारख्या अंतरावरचे ठिपके, अगदी रेघांच्या आतसुद्धा, असं दिसलं तर ते नंतरचं फोटोवरून केलेलं पुनर्मुद्रण. खडूने घासल्यासारखा खरबरीत दाणा दिसला तर शिळाप्रेसची छाप, तीही त्याच काळातली असू शकते. करियर अँड आइव्हज या न्यूयॉर्कच्या प्रकाशकांची स्वस्त चित्रं तशीच छापली जायची. चित्राभोवती कागदात चौकोनी दबलेली कड आहे का तेही पाहा. दिसली तर उत्तम. नाही दिसली तर लगेच निराश होऊ नका, कारण ग्रंथातून सुटलेल्या पानांच्या कडा बांधणीत किंवा चौकट करताना कापल्या जातात.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा: ही पोलादी प्लेटवरची, चरित्रग्रंथातून सुटलेली छाप असावी. त्या काळातली, खरी, आणि दुर्मीळ नसलेली. असली पानं अमेरिकेत भरपूर फिरतात, त्यामुळे पैशांच्या दृष्टीने फार अपेक्षा ठेवू नका. विल्यम मार्शलने 1866 मध्ये केलेल्या लिंकनच्या मोठ्या रेघकामाची सुरुवातीची छाप असती तर गोष्ट वेगळी होती. मार्शल नोटा कोरणाऱ्यांच्या शाळेत तयार झालेला माणूस. त्याचा लिंकन पाहिला की ब्युरिनने मांस, सुरकुती आणि थकवा एकाच रेघेत कसा आणायचा हे कळतं. संधी मिळाली तर संग्रहालयात जाऊन जरूर पाहा.

आता ठिपके. हात लावू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो. अशा ठिपक्यांमागे बहुधा ओलावा, बुरशी किंवा कागदात राहिलेले लोखंडाचे कण असतात. घरगुती ब्लीचने ते जातात, पण रसायन कागदात उरतं आणि काही वर्षांनी कागद बिस्किटासारखा तुटायला लागतो. इंटरनेटवर पाण्यात बुडवून स्वच्छ केलेल्या चित्रांचे व्हिडिओ दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक छाप नीट न तपासता पाण्यात घातली. ती जाड कागदावर चिकटवलेल्या अतिशय पातळ कागदावर छापलेली होती. पाण्यात पातळ कागद सुटला, ताणला गेला आणि पुन्हा जागेवर बसला नाही. मालकांच्या आजोबांची वस्तू होती ती. मी त्यांना खरं ते सांगितलं, त्यांनी समजून घेतलं, पण तो कागद मला अजून दिसतो.

तुम्ही करायचं ते एवढंच. चौकट उघडा आणि मागे लाकडी फळी किंवा पिवळा पडलेला पुठ्ठा असेल तर तो काढून टाका. चित्राला खरा धोका ठिपक्यांपेक्षा त्याचाच असतो. चित्र चिकटपट्टीने अडकवलेलं असेल तर ओढू नका, तसंच राहू द्या आणि कागदावर काम करणाऱ्या माणसाला दाखवा. नवीन पुठ्ठा आम्लरहित घ्या, काच आणि चित्र यांत अंतर ठेवा, आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका. पुढे कधी चित्र मुंबई-कोकणात न्यायचं ठरलं तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर अजिबात नको. ठिपके राहिले तर राहू द्या. ते वयाचे आहेत.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की मराठी घरात लिंकनचं चित्र लावणं आईला जरा विचित्र वाटतं. त्यांना सांगा, जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं तेव्हा ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं, काळ्या गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दलचा आदर म्हणून. लिंकनच्या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस अडकला म्हणून मुंबईत पैशांचा पूर आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळून कित्येक घरं बसली. पुण्यात आणि मुंबईत त्या माणसाच्या काळाची झळ आणि आशा दोन्ही पोचली होती.

शेवटी एक काम तुमच्याकडून हवं. ‘अ‍ॅक्ट ऑफ काँग्रेस’ची ती ओळ भिंगातून पूर्ण वाचा. तीत जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाचं कार्यालय आलं असेल तर हक्काची नोंद 1870 च्या आधीची, कारण त्या वर्षीपासून नोंदणी काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे गेली आणि ओळीत ग्रंथपालाच्या कार्यालयाचा उल्लेख यायला लागला. तिथलं साल नोंदणीचं असतं, छपाईचं नव्हे. त्याच प्लेटवरून नंतरही वर्षानुवर्षं छापा निघू शकतात. हे प्रकाशक 1870 च्या दशकात ‘जॉन्सन, विल्सन अँड कंपनी’ या नावाने दिसतात. तुमच्याकडे ‘फ्राय’ आहे, म्हणजे प्लेटवरचा मजकूर तरी आधीचा. कोट आणि गाल जिथे मिळतात, तिथला जवळून काढलेला एक फोटोही पाठवा. त्या भागातल्या बारीक रेघा उघड्या आणि स्पष्ट आहेत की झिजून फिकट पडल्या आहेत, हे पाहिलं की छाप प्लेटच्या तरुणपणातली की म्हातारपणातली हे मी तुम्हाला सांगू शकेन.